खराटा पुढे, माणूस मागे

मुनेश्वर सर कुठल्याही खोलीत शिरण्याआधी दाराशी थांबत. शर्टाच्या खिशात कापसाचं एक बोंड कायम असे. त्यातला चिमूटभर कापूस पिंजून ते बोटांतून सोडत, तो कुठे सरकतो ते बघत, मग खिडक्यांवरून नजर फिरवत, आणि शेवटी विचारत, "दुसरं दार कुठं आहे?" लग्नाच्या हॉलमध्ये हेच, बँकेत हेच. आर्णीला एका सहकाऱ्याचे वडील गेले म्हणून आम्ही भेटायला गेलो होतो, तिथेही त्यांनी कापूस सोडला. घरच्या बाईंनी डोळे पुसत मागचं दार दाखवलं. सर म्हणाले, "त्याच्यापुढची कोठी हटवा, वहिनी," आणि मग हात जोडून बसले.

यवतमाळच्या एका खाजगी प्रशिक्षण संस्थेचं कार्यालय मी सांभाळते. माझं सगळं काम याद्यांवर चालतं. कार्यक्रम असला की खुर्च्या, माईक, पाणी, हार, समई, जनरेटर, सगळं लिहून काढायचं आणि झालं की खूण करायची. सर आमच्याकडे शिकवायला लागले त्याच आठवड्यात त्यांनी माझी यादी हातात घेऊन वाचली आणि परत दिली.

"मॅडम, यादी चांगली आहे. पाहुण्यांसाठी नॅपकिनसुद्धा आहे. माणसं बाहेर कुठून पडतील, तेवढं नाही."

त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक यादीची पहिली ओळ 'दुसरं दार' अशी असते. आजही.

सर मूळचे राळेगाव तालुक्यातले. तरुणपणी पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बंदरात गेले आणि तिथल्या खत कारखान्याच्या अमोनिया विभागात त्यांचं सगळं आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर ते परत आले, पण कारखाना त्यांच्यातून गेला नव्हता. कारखान्यात उंच खांबावर कापडाची पिशवी फडफडत असते. ती बघून वारा कळतो, आणि गॅस सुटला तर वाऱ्याला आडवं पळायचं असतं. सरांच्या खिशातलं बोंड ही त्या पिशवीची वऱ्हाडी आवृत्ती होती.

वर्गात ते स्वच्छ पुस्तकी मराठी बोलत. ती ऐकू येत असेपर्यंत मुलं निवांत असत. 'काहून', म्हणजे 'का', हा वऱ्हाडी शब्द आला की सगळे ताठ बसत, कारण आता सर रागावले आहेत हे कळत असे. आणि सर बहुतेक वेळा रागावलेलेच असत. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याचा स्वभावच तसा. मला ते कधीच पटलं नाही. त्यांना जे दिसत होतं ते बघून जो रागावत नाही त्याच्या स्वभावात काहीतरी बिघाड आहे, असं माझं मत आहे.

आमच्या जिल्ह्यात कापसाची ती वाईट वर्षं. बोंडअळीमुळे लोक हाताशी येईल ते औषध दुसऱ्या औषधात मिसळून मारत होते. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, डोक्याच्या वर गेलेली, पाठीवर पंप, आणि फवारा अंगावर परत येतोय. अशाच एका हंगामात सरांचा धाकटा भाऊ शेतातून आला तो डोळे चोळतच आला आणि दवाखान्यातून परत घरी आला नाही.

त्यानंतर जनजागृतीचे मेळावे सुरू झाले. एका मेळाव्याला मी सरांबरोबर होते. मंचावरून मास्क आणि हातमोजे वाटले गेले, फोटो निघाले. एका साहेबांनी भाषणात सांगितलं की, शेतमजूर निष्काळजीपणा करतात, तोंड बांधत नाहीत. सर उभे राहिले.

"साहेब, त्या उन्हात हा मास्क घालून तुम्ही एक ओळ फवारून दाखवा. मंग बोलू. तोंड बांधलं नाही म्हणता. वाऱ्याकडे पाठ कर, असं त्याले कोणी सांगितलं होतं? औषध विकणाऱ्यानं? तुम्ही?"

"ते माहितीपत्रकात छापलेलं आहे," साहेब म्हणाले.

"माहा भाऊ अंगठा लावत होता."

साहेबांनी पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं. सरांच्या हातातला माईक कोणीतरी अगदी हळुवारपणे काढून घेतला. या हळुवारपणाची मला फार चीड आहे. जिल्ह्यात आमच्या माणसांना गप्प करायची ती ठरलेली पद्धत आहे. आवाज चढवत नाहीत, फक्त माईक काढून घेतात.

पुढच्या रविवारी सरांनी घरातली जुनी लाल साडी फाडून चिंध्या केल्या आणि मोटारसायकलला तुराट्यांचा, तुरीच्या वाळक्या काड्यांचा, भारा बांधून ते निघाले. धुऱ्याधुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधाबांधावर, तुराटी रोवायची, टोकाला चिंधी बांधायची. फवारणाऱ्यानं मान वर केली की वारा दिसला पाहिजे. लोक हसले. एकानं विचारलं, "सर, नवस फेडून राह्यले का?"

"हो. तुह्याच जिवाचा बोललो होतो."

तो पूर्ण हंगाम, आणि पुढचाही, सर हेच करत होते. बऱ्याच चिंध्या ऊन-पावसात कुजल्या. काही शेतांत लोकांनी स्वतःहून नव्या बांधल्या. सरांनी त्याबद्दल कधी समाधान व्यक्त केलं नाही. म्हणायचे, "चिंधी बांधणं हे काही काम आहे का, मॅडम? ज्याचं काम आहे तो एसीत बसला."

मग हरित हायड्रोजन आला.

बंदराच्या औद्योगिक पट्ट्यात मोठा प्रकल्प उभा राहतोय, सूर्याच्या विजेनं पाण्यातून हायड्रोजन काढणार, त्यातून खत होणार, जहाजांचं इंधन होणार, परदेशात जाणार. एका कंपनीनं आमच्या संस्थेशी करार केला. इथल्या मुलामुलींना 'हायड्रोजन तंत्रज्ञ' म्हणून अल्पकालीन प्रशिक्षण आणि बंदरात नोकरी. हॉल खचाखच भरला. घरची शेती बोंडअळीनं एका बाजूनं आणि पडलेल्या बाजारभावानं दुसऱ्या बाजूनं खाल्लेली मुलं ती. पडद्यावर निळा समुद्र, पांढऱ्या टाक्या, हिरवी पानं. कंपनीचा अधिकारी तरुण होता, नम्र होता. त्यानं 'संधी' हा शब्द इतक्या वेळा वापरला की मागच्या रांगेतली मुलं तोंडावर हात धरून हसायला लागली.

सर विरोध करतील असं सगळ्यांना वाटलं होतं. सर उभे राहिले आणि आधी कौतुकच केलं. म्हणाले, "हे यायलाच पाहिजे. तुम्ही पऱ्हाटीला युरिया टाकता, त्यात हायड्रोजन असतो. तो आम्ही आयुष्यभर इंधनाच्या गॅसमधून काढला आणि धूर आभाळात सोडला. पाण्यातून निघत असेल तर त्याच्याइतकं चांगलं काही नाही. माझे फक्त तीन प्रश्न आहेत. पाणी कुठलं, वीज कुठली, माणूस कुठला?"

अधिकारी खूश झाला. पाणी समुद्राचं, गोडं करून घेणार. वीज सौर पॅनेलची. काही पॅनेल तुमच्या जिल्ह्यातल्या जमिनींवरही येतील. आणि माणूस? तो हसून म्हणाला, "माणूस तुमचाच, सर."

"मग त्याला गॅस शिकवणार कोण?"

"तुम्हीच शिकवा की."

टाळ्या पडल्या. कंपनीच्या पत्रकावर सरांचा फोटो आला, खाली 'अमोनिया उद्योगातील प्रदीर्घ अनुभव'. त्यांना तेवढंच हवं होतं. फोटो मिळाल्यावर माणसाची गरज नव्हती, हे आम्हाला नंतर कळलं.

सरांनी मात्र ते खरं धरलं. प्रशिक्षणात सगळ्यात चलाख पोरगी प्रणाली, राळेगावकडच्या एका खेड्यातली. वडील शालिकराम, थोडी कोरडवाहू शेती, बाकी मजुरी. घरातली पहिली नोकरी तिची होणार होती. सर तिला सगळ्यांपेक्षा जास्त रागवत, म्हणजे तिच्याकडून सगळ्यात जास्त अपेक्षा ठेवत.

एका सकाळी सरांनी शिकवलं ते मी कार्यालयाच्या खिडकीतून ऐकलं आहे. "अमोनिया प्रामाणिक आहे. घरात शिरण्याआधी तो नाकाला खबर देतो. हायड्रोजन मुका. वास नाही, रंग नाही. पेटला तर दिवसा जाळ दिसत नाही, आणि अंगाला लागेपर्यंत धगही धड कळत नाही. कारखान्यात यंत्रं असतात, ती सांगतात. यंत्र बिघडलं आणि साहेब म्हणाला, जा रे बघून ये, तर काय कराल?"



सरांनी कोपऱ्यातला वाळक्या काड्यांचा खराटा उचलला. जुन्या कारखान्यांत माणसं अशीच चालत, हातभर पुढे खराटा धरून. टोक पेटलं की समजायचं, जाळ तिथे आहे. "खराटा पुढे, माणूस मागे. खराटा बाजारात नवा मिळतो." त्यांनी तो रांगेतल्या पहिल्या मुलीच्या हातात दिला. पहिली प्रणाली होती. मग सगळी रांग पटांगणातून चालली, पाळीपाळीनं खराटा पुढे धरून.

कोणीतरी फोनवर फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो गावात पोचला होता. फोटोत वारा दिसत नाही, हायड्रोजन दिसत नाही. खराटा हातात घेतलेली शालिकरामची पोरगी तेवढी दिसते.

दुसऱ्या दिवशी संस्था उघडायच्या आत शालिकराम दारात उभे होते. पांढरा सदरा, इस्त्री केलेला. सर आले तेव्हा मी दिलेल्या खुर्चीवरून ते उठले नाहीत.

"सर, माह्या मायनं गावचा झाडू टाकला तवा तिले विहिरीवर येऊ देत नोते. उपाशी राह्यली, पण उचलला नाही. तिच्या नातीच्या हातात तुम्ही देल्ला."

"शालिकरामभाऊ, तो झाडायसाठी नव्हता."

"फोटोत थोडीच लिहून राह्यते कायच्यासाठी होता ते. दुसऱ्या कोण्या मास्तरनं देल्ला असता तर मी इथंच त्याची गचांडी धरली असती. तुम्ही आपले. म्हणून जास्त लागलं."

  दोघंही बुद्धविहारात शेजारी बसणारे, दोघांच्या घरात तीच गोष्ट सांगितली जाणारी. कारखान्यात राहून राहून सरांच्या डोक्यात खराटा हे एक हत्यार होऊन बसलं होतं. इथे तो काय आहे हे ते विसरले होते.

"माह्याही मायनं टाकला होता," सर म्हणाले. "चुकलंच. हातात द्यायच्या आधी घरी येऊन बोलाले पाहिजे होतं. आता दाखवू का, काहून देल्ला ते?"

ते शालिकरामांना पटांगणात घेऊन गेले. ऊन चांगलं वर आलं होतं. सरांनी खिशातून कापूस काढून सोडला, वारा बघितला, त्यांना एका बाजूला उभं केलं. पत्र्याच्या ताटलीत प्रयोगशाळेतलं मिथेनॉल ओतलं आणि लांब काडीनं पेटवलं.

"काही दिसते?"

"काही नाही. विझलं."

सरांनी खराट्याचं टोक ताटलीवर नेलं. काड्या तडतडून पेटल्या. शालिकराम मागे सरकले. सरांनी टोक मातीत विझवलं. शालिकरामांनी त्यांच्याकडे हात पुढे केला, खराटा घेतला आणि स्वतः पुन्हा ताटलीवर धरला. टोक पुन्हा पेटलं. ते कितीतरी वेळ त्या रिकाम्या दिसणाऱ्या हवेकडे बघत राहिले.

"आन् अशात पोरीले पाठवून राह्यलो आपण?"

"शिकवून पाठवू म्हणत होतो."

"मंग शिकवा. पण फोटो नका काढू देऊ कोणाले."

प्रकरण तिथे मिटलं होतं. दोघांनी माझ्या टेबलाशी बसून चहा घेतला. शालिकराम म्हणाले की, सरांनी चहा केला असता तर त्याआधीही कापूस सोडून वारा बघितला असता, आणि सर चक्क हसले.

पण सरांनी आदल्याच आठवड्यात कंपनीला कळवलं होतं की, ही मुलं तयार नाहीत, अजून वेळ लागेल. आणि मुलांना निरोप द्यायच्या समारंभाची तारीख ठरली होती. हिरवा झेंडा दाखवणारे पाहुणे ठरले होते. त्यामुळे आमच्या संचालकांना खराटा हा सापडलेला खजिनाच होता. त्यांनी सरांना बोलावून सांगितलं की, एका समाजाच्या भावना दुखावल्या आहेत, संस्थेला हे परवडणार नाही, तुम्ही उद्यापासून येऊ नका.

शालिकरामांना हे कळलं तेव्हा ते पुन्हा आले. मी केबिनमध्ये होते.

"साहेब, कोणाच्या भावना दुखावल्या?"

"तुमच्या," संचालक म्हणाले.

"माह्या दुखल्या होत्या, माह्या माणसानं दुखावल्या, आम्ही बसून मिटवलं. तुमच्यापाशी मी कवा आलो?"

"तुम्ही मोठ्या मनाचे आहात. पण समाज..."

"कोणता समाज? तुमचा का आमचा?"

संचालकांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. पुन्हा तोच हळुवारपणा. ज्या माणसाच्या आईनं झाडू टाकला होता त्याला झाडू हातात देऊन अपमान केल्याबद्दल काढून टाकलं, आणि काढणाऱ्यांच्या चेहऱ्यावर सामाजिक कळवळा होता. मी संचालकांना तोंडावर सांगितलं की, हे खोटं आहे. त्यांनी मला समारंभाची यादी करायला सांगितली.

समारंभ झाला. झेंडा हलला, मुलं बसमधून गेली. सर आले नाहीत. गॅसचा उरलेला भाग कोणी शिकवला नाही. त्याऐवजी 'व्यक्तिमत्त्व विकास' हा विषय घेतला गेला.

महिना-दीड महिन्यानं प्रणालीचा मला फोन आला. मागे वाऱ्याचा आवाज होता.

"मॅडम, आम्ही फाटकाच्या आत नाही आहो. बाहेर पॅनेल आहेत ना, लांबच लांब, ते पुसतो आम्ही. मिठाची धूळ बसते. आन् रस्ता झाडतो."

"तंत्रज्ञ म्हणून नेलं होतं ना तुम्हाला?"

"ओळखपत्रावर तंत्रज्ञच आहे, मॅडम. साहेब म्हणतात, आत जायचं तर गॅसचं प्रशिक्षण पूर्ण पाहिजे, तुमचं झालं नाही." मग म्हणाली, "झाडू मोठा आहे इथला, दांडा लांब आहे. बाबाला सांगू नका. सरांना तर नकाच."

मी दोघांनाही सांगितलं. लपवायची गोष्ट नव्हती ती.

सर ओरडतील म्हणून मी तयार होते. ते ओट्यावर बसून ऐकत राहिले, मग पुस्तकी मराठीत, अगदी हळू बोलले, "म्हणजे ज्याच्यासाठी मला काढलं, तेच काम तिला दिलं." आणि मग, "काहून?" तो प्रश्न मला नव्हता.

पुढचं मला प्रणालीकडून तुकड्यातुकड्यानं कळलं. सर तिथे गेले आणि मुलं राहत त्या वसाहतीमागे एक खोली घेऊन राहिले. ड्यूटी सुटली की मुलं येत. सरांनी उरलेला सगळा गॅस शिकवला. त्यांच्या हाताखाली कधीकाळी शिकलेला एक माणूस आता त्याच पट्ट्यात सुरक्षा विभागात मोठ्या जागेवर होता. सर रोज त्याच्या फाटकावर जाऊन उभे राहत, शेवटी त्यानं मुलांची परीक्षा घेतली. प्रणाली आणि आणखी काही जण आत गेले. बाकीचे दिवाळीनंतर परत आले, कापूस वेचायला. सर परतले नाहीत. त्याच खोलीत एका पहाटे त्यांचं हृदय थांबलं. खोलीला दोन दारं होती, असं प्रणालीनं मला मुद्दाम सांगितलं.

संस्थेच्या नव्या पत्रकावर अजून त्यांचा फोटो आहे. मी दोनदा काढायला लावला. दोनदा तो परत आला.

मला सर आठवतात ते बंदराकडे निघाले त्या सकाळचे. यवतमाळचं एसटी स्टँड, धामणगावची गाडी. तिथून पुढे रेल्वे. शालिकराम बरोबर होते, पोरीला बघून, सरांना सोडून परत येणार होते. इस्त्रीचा तोच पांढरा सदरा. आणि त्यांच्या हातात, सुतळीनं नीट बांधलेला, टोकाला जळालेला तो खराटा.

कंडक्टर दारात होता. "काका, बंदरात झाडू भेटत नाही का?"

"भेटते," शालिकराम म्हणाले. "तिथं तोच देल्ला तिले. हा वेगळा आहे."

"याचं तिकीट काढाल का मंग?"

"काढ. पुरं काढ. शिकवाले चालला हा."

सरांनी खिशातून बोंड काढून चिमूटभर कापूस सोडला. स्टँडवर डिझेलचा धूर होता, माणसांची ये-जा होती, तरी तो पुंजका काही क्षण हवेत राहिला आणि गाडीच्या पुढच्या बाजूला सरकला. सरांनी मान हलवली. मग आत डोकावून संकटकाळी बाहेर पडायचा मार्ग कुठे आहे ते बघितलं आणि शालिकरामांना बोटानं ती जागा दाखवली.

शालिकराम आधी चढले. गाडीच्या अरुंद दारातून त्यांनी खराटा हातभर पुढे धरला होता, त्या दिवशी पटांगणात धरला होता तसाच. आतली माणसं वाट करून देत होती. त्यांच्या मागून सर चढले.